इंग्लंडमधली नदीकाठची सपाट वाट: सह्याद्रीत फिरलेले लोकही करतात त्या चुका

राजगड-तोरणा पायी केलेल्या माणसाला इंग्लंडमधल्या नदीकाठच्या वाटेची काय भीती, असं मलाही वाटायचं. इथे आल्यावर पहिल्याच नोव्हेंबरात ऑक्सफर्डच्या वरच्या अंगाला थेम्सच्या काठाने निघालो. तीनच्या सुमारास वाट एका कुरणात उतरली आणि पाण्यात गेली. पाणी संथ, घोट्याएवढं दिसत होतं. पन्नासेक पावलांत ते गुडघ्याला लागलं. कुरण कुठे संपतं आणि नदी कुठे सुरू होते तेच कळेना, सगळा एकच करडा पत्रा. परत फिरलो. मागचा पूल तीन मैलांवर होता आणि सूर्य सव्वाचारच्या आत मावळला. उरलेली वाट अंधारात, ओल्या बुटांनी तुडवली. तेव्हापासून इथे नव्याने आलेलं कुणी चालायला निघालं की हे सगळं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सह्याद्रीत धोका डोळ्यांना दिसतो: कडा, घसारा, शेवाळलेला कातळ. इथली वाट मऊ, हिरवी, सपाट असते आणि त्यामुळेच माणूस तयारी न करता घराबाहेर पडतो.

पाऊस थांबला म्हणजे वाट मोकळी झाली, असं समजणं

आपल्याकडे डोंगरातला ओढा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतो. थेम्ससारखी सखल प्रदेशातली नदी तशी वागत नाही. वरच्या भागातलं पाणी खाली पोचायला वेळ लागतो, त्यामुळे छान ऊन पडलेल्या दिवशीही ती चढत असू शकते. निघायच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी सरकारच्या पूर-इशाऱ्यांच्या पानावर त्या नदीची पातळी पाहा. एन्व्हायर्न्मेंट एजन्सी ती ठिकठिकाणी मोजते.

दुसरी गोष्ट पुलांची. थेम्स पाथ केंबल गावाजवळच्या उगमापासून लंडनपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर जातो, पण सबंध एकाच काठाने नाही. पूर्वी बोटी ओढायची वाट जिथे काठ बदलायची तिथे पलीकडे नेणाऱ्या होड्या, म्हणजे तरी, असायच्या. त्या तरी बंद पडल्या, म्हणून काही ठिकाणी आजची वाट नदी सोडून गावातून वळसा घेते. ‘नदी सोडायची नाही’ एवढंच धरून चाललात, तर कुणाच्या तरी खासगी कुंपणापाशी अडकाल. पुढचा पूल कुठे आहे ते आधी नकाशात पाहा. वाट पाण्यात गेलेली दिसली तर उतरू नका, मागे फिरा.

नकाशावरची प्रत्येक तुटक रेघ म्हणजे वाट असं मानणं

नवख्यांची सगळ्यात जास्त गफलत इथे होते. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नारिंगी वेष्टनातल्या एक्सप्लोरर नकाशावर (१:२५,०००) हिरव्या तुटक रेघा म्हणजे लोकांना चालायचा कायदेशीर हक्क. काळ्या तुटक रेघा म्हणजे जमिनीवर वाट आहे एवढंच, तिथे तुम्हाला हक्क असेलच असं नाही. उलटही होतं: हिरवी रेघ असते आणि समोर पाहावं तर नुसता गहू किंवा नांगरलेली ढेकळं. अशा वेळी बांधाबांधाने जायचं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. पण वाट शेतातूनच जात असेल, तर हक्क त्या रेघेवर आहे. पायवाट नांगरली तर ती ठरलेल्या मुदतीत पुन्हा चालण्याजोगी करून देणं शेतकऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. एकामागे एक, रांगेत चाला म्हणजे पीक तुडवलं जाणार नाही.

गुलाबी वेष्टनाचा लँडरेंजर नकाशा (१:५०,०००) घेऊन शेतांतून जाऊ नका. त्यात शेतांचे बांध दाखवलेले नसतात, आणि सखल इंग्लंडमध्ये ‘या कुंपणाच्या डावीकडे की उजवीकडे’ हाच दिवसभराचा प्रश्न असतो. खांबावर पिवळा बाण दिसला तर वाट फक्त चालणाऱ्यांची, निळा असला तर घोडेस्वार आणि सायकलवाल्यांचीही. स्कॉटलंडमध्ये जवळजवळ कुठेही फिरता येतं हे ऐकून लोक इथेही रान तुडवायला निघतात. इंग्लंडमध्ये तसं नाही. २००० सालच्या कायद्याने मोकळ्या फिरण्याचा हक्क दिला तो नकाशात दाखवलेल्या ठरावीक माळरानांपुरता.

गरीब गाय

आपल्या मनातली गाय दावणीला बांधलेली असते. इथे तीस-चाळीस जनावरांचा कळप मोकळ्या शेतात असतो आणि वाट त्याच्या मधून जाते. वासरं लहान असली की गाई अंगावर येतात. इथे असे मृत्यूही झाले आहेत, म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. कळप वाटेवरच बसला असेल तर शेताच्या कडेने लांबून वळसा घ्या, पुढे वाटेला मिळा. पळायचं नाही.

गोऱ्हे मात्र नुसत्या कुतूहलाने मागे येतात. पहिल्यांदा मागे पंधरा-वीस जनावरांच्या खुरांचा धबधब आवाज ऐकला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. थांबा, त्यांच्याकडे तोंड करा, हात पसरा आणि शांत आवाजात बोला. ती थबकतात, नाकपुड्या फुरफुरवत बघत राहतात. मग हळूहळू मागे सरकत फाटक गाठा. कुत्रा बरोबर असेल तर दोरीने धरून ठेवा, पण गाई धावून आल्याच तर दोरी सोडून द्या. त्यांचा राग बहुधा कुत्र्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा लवकर पळतो. फाटक उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद ठेवून पुढे जा.

कालव्याकाठी बेसावध होणं

कालव्याचं पाणी लॉक (बोटी वर-खाली न्यायचे दारं असलेले हौद) आणि सांडव्यांनी बऱ्यापैकी आटोक्यात असतं, म्हणून पावसाळी आठवड्यात मी नदीऐवजी कालवाच निवडतो. अपवाद आहेत: केनेट अँड एव्हन कालवा रेडिंग ते न्यूबरीदरम्यान बऱ्याच ठिकाणी केनेट नदीचंच पात्र वापरतो, तिथे नदीचेच नियम.

काठाची वाट पूर्वी बोट ओढणाऱ्या घोड्यांची होती. जुन्या पुलाखाली वाकून कडेचा दगड किंवा लोखंडी पट्टी पाहा: ओल्या, वाळूने माखलेल्या दोरखंडांनी घासून बोटभर खोल खाचा पडलेल्या दिसतात. पण त्याच पुलाखाली वाट अरुंद होते, विटा निसरड्या असतात आणि समोरून सायकल येते. पायी चालणाऱ्याला प्राधान्य असलं, तरी वळणावर आतल्या बाजूला राहा. नॅरोबोटी (कालव्यातल्या लांब, अरुंद बोटी) बांधलेल्या असतात तिथे खुंट्या आणि दोर पायात येतात.

डिव्हायझेसजवळच्या केन हिलला एकामागे एक २९ लॉक आहेत आणि मुलांना तिथे फार मजा येते. रिकामं लॉक म्हणजे उभ्या, शेवाळलेल्या भिंतींची विहीर, हे लक्षात ठेवून त्यांचा हात सोडू नका. पायाला जखम असेल तर ती पाणी जाणार नाही अशी झाका आणि डबा उघडायच्या आधी हात धुवा. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस मुंबई-कोकणातल्या माणसाला नवा नाही. इथे तो विरळ आहे, पण नंतर ताप आला तर डॉक्टरांना कालव्याच्या पाण्याचं जरूर सांगा.

जंगलात अर्धी चड्डी

नेचे आणि उंच गवत गोचिडांचं घर. त्यातल्या काही लाइम रोग देतात. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली तपासा, मुलांच्या कानामागेही. तीळभर काळा ठिपका पाय हलवत असेल तर टोकदार चिमट्याने कातडीला लागून पकडा आणि सरळ, सावकाश वर ओढा. तेल लावणं, काडीने चटका देणं, हे आपले घरगुती उपाय इथे करू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरलं तर लगेच डॉक्टर गाठा.

नदीकाठी पुरुषभर उंचीची, पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांची जाड दांड्याची झाडं दिसली तर हात लावू नका. जायंट हॉगवीडचा चीक लागून ऊन पडलं की कातडीला फोड येतात. त्याच काठावर उन्हाळाअखेरीस दिसणारी गुलाबी फुलं पाहून मात्र ओळखीचं वाटेल. तो हिमालयातला तेरडा, आपल्या गौरीच्या तेरड्याचा भाऊबंद, १८३९ मध्ये इथे बागांसाठी आणलेला. पिकलेल्या शेंगेला हात लावून बिया उडवायचा मोह आवरा, तो आधीच काठ व्यापून बसलाय.

वेळेचा हिशेब

नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम अजून चालतो: तासाला पाच किलोमीटर, शिवाय ६०० मीटर चढाला एक तास जास्त. हिवाळ्यातल्या चिकणमातीत मी तासाला तीनच धरतो. डिसेंबरात लंडनजवळ चारच्या आत सूर्यास्त होतो. रविवारी खेड्यातली बस बऱ्याच ठिकाणी नसते आणि पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीचला बंद झालेलं असू शकतं, तेव्हा पोळीभाजीचा डबा बरोबर हवाच. जीन्स नको, भिजली की वाळत नाही.

आणि एक काम घरूनच करून निघा. इंग्रजीत ‘रजिस्टर’ एवढा एकच शब्द लिहून ९९९ या आणीबाणीच्या नंबरवर मेसेज पाठवा, उलट उत्तर आलं की त्याला ‘येस’ म्हणा. मग बोलण्यापुरतं नेटवर्क नसलं तरी मेसेजने मदत मागता येते. तेव्हा मदत करणारे आधी जागा विचारतात, म्हणून नकाशावरून दोन अक्षरं आणि सहा आकड्यांचा ग्रिड संदर्भ, म्हणजे त्या जागेचा नकाशावरचा पत्ता, काढायची सवय मुलांनाही लावा.