सोलापुरात बसून सौरज्वालेचा वेग मोजा

एप्रिलमध्ये सोलापूरचं ऊन कितीही भाजलं, तरी सौरज्वालेतल्या तप्त वायूचा वेग ज्यांवरून कळतो, ते १३५४ अँगस्ट्रॉमचे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) अतिनील किरण इथवर पोचत नाहीत. वातावरण ते वरच गिळतं. म्हणून २०१३ मध्ये सोडलेल्या नासाच्या आयरिस या सूर्य पाहणाऱ्या उपग्रहाचे वर्णपट (तरंगलांबीनुसार वेगळा केलेला प्रकाश) वापरायचे. ते फुकट मिळतात. भारताच्या आदित्य-एल१ यानावरची 'सूट' दुर्बीण अतिनील चित्रं घेते, वर्णपट नाही. वेग मोजायला ती चालणार नाही.

सरावाला १० सप्टेंबर २०१४ ची एक्स १.६ ज्वाला घ्या (एक्स हा सर्वांत तीव्र ज्वालांचा वर्ग). ती बिंबाच्या मध्याजवळ होती, त्यामुळे मोजलेला वेग बराचसा उभ्या दिशेचाच असतो. शिखर १७:४५ यूटीला (जागतिक प्रमाणवेळेला), म्हणजे आपल्याकडे रात्री सव्वाअकराला. फाइलीतल्या वेळा यूटीतच असतात. लेव्हल-२ ची (दुरुस्त्या करून वापरायला तयार) फाइल उतरवताना तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करणारा प्रोग्राम वापरा, मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून नको. फाइल पायथन या संगणकभाषेच्या अॅस्ट्रोपाय या संचात उघडते. या निरीक्षणात उपकरणाची फट (प्रकाश आत घेणारी अरुंद चीर) सूर्यावर एकाच जागी रोखलेली आहे. म्हणजे एक अक्ष काळाचा. त्याला सूर्यावरचं अंतर समजू नका.

लोह-२१ ची (वीस इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची) १३५४.०८ अँगस्ट्रॉमची वर्णरेषा साधारण १.१ कोटी केल्विनच्या वायूतून येते. आधी शेजारची ऑक्सिजनची १३५५.५९८ ची रेषा शोधा आणि शांत भागात ती नेमकी याच आकड्यावर येईल असा तरंगलांबीचा अक्ष सरकवा. ही पायरी गाळली, तर पुढचे सगळे वेग बिनकामाचे. रिकाम्या जागी भरलेले ऋण आकडे मास्क करा, म्हणजे हिशेबातून वगळा, आणि मगच रेषेवर गाऊसीय (घंटेच्या आकाराचा) वक्र बसवा. लोहाची रेषा उष्णतेनेच सुमारे ०.४३ अँगस्ट्रॉम रुंद असते. तिच्या पोटात १३५४.२९ ची कार्बनची बारीक रेषा घुसते, तिला वेगळा अरुंद वक्र द्या. एकच वक्र बसवलात, तर केंद्र लाल बाजूला ओढलं जातं आणि वर उसळणारा वायू संथ भासतो.

वायू आपल्याकडे आला की रेषा कमी तरंगलांबीकडे सरकते. वेग काढताना ही सरक (वक्राचं केंद्र वजा १३५४.०८) भागिले १३५४.०८, गुणिले २,९९,७९२ (प्रकाशाचा वेग, सेकंदाला किलोमीटरमध्ये). केंद्र १३५३.४० वर आलं, तर सरक उणे ०.६८ आणि वेग सेकंदाला सुमारे १५० किलोमीटर, आपल्या दिशेने.

सिलिकॉन-४ च्या १४०२.७७ च्या रेषेवरही हाच हिशेब चालतो, पण ती शिखराला बऱ्याचदा संपृक्त होते, म्हणजे उपकरणाच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे जाते. माथा सपाट दिसला की तो पिक्सेल सरळ टाकून द्या. १३९३.७६ ची जोडरेषाही मिळाली, तर दोघींच्या तीव्रतांचं गुणोत्तर पाहा. २ च्या आसपास नसेल, तर वायू त्या रेषेला पारदर्शक नाही आणि साधा गाऊसीय वक्र तिथे लावू नये.