डीजे पूलचा अर्ज परत आला? या चुका टाळा

गणपती झाल्यावर कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतलं एक पोरगं माझ्याकडं आलं आणि मोबाईल पुढं धरला. "दादा, तिसऱ्यांदा रिजेक्ट. पैसे द्यायला तयार हाय, तरी घेत न्हाईत." अर्ज होता डीजे पूलचा, म्हणजे महिन्याची फी घेऊन डीजेंना नवीन गाणी पुरवणाऱ्या सेवेचा. मी तो उघडला. डीजे असल्याचा पुरावा मागितला होता, तिथं त्यानं एकच फोटो जोडला होता. महाद्वार रोड, ट्रकवर रचलेली बेसची भिंत, धूर, शार्पीचे झोत. फोटो नादखुळा होता, फक्त त्यात हा कुठंच नव्हता. लांब देशात बसून अर्ज तपासणाऱ्याला एक सजवलेला ट्रक दिसला असणार, दुसरं काय!

आपल्याकडं मुळात गोंधळ असा आहे की पोरं पूलला गाण्यांचं दुकान समजतात. पैसे टाकले की माल मिळाला पाहिजे, असा हिशेब. पण पूल सुरू झाला तो वेगळ्याच कारणासाठी. 1975 साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँक्युसो आणि त्याच्या सोबतच्या डीजेंनी पहिला रेकॉर्ड पूल काढला. त्याआधी नवीन तबकडी हवी असली की डीजेला एकेका लेबलच्या, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीच्या, ऑफिसात जाऊन उभं राहावं लागायचं. पूलनं मधला दुवा जोडला. लेबलनं तबकड्या एकाच ठिकाणी द्यायच्या, डीजेंनी त्या वाजवायच्या आणि पब्लिक नाचलं का ते लेबलला कळवायचं. अशा प्रोमोच्या, म्हणजे प्रसिद्धीसाठी दिलेल्या, तबकडीवर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का असायचा. आज तबकडीच्या जागी फाईल आली, पण व्यवहार तोच आहे. महिन्याची फी पूल चालवणाऱ्याला जाते. लेबलला तुमच्याकडून हवं असतं ते वाजवणं, आणि गाणं बाहेर न फुटणं.

आज कित्येक पूल कार्ड चाललं की आत घेतात, हे खरं. पण लेबलचे थेट प्रोमो जिथून येतात ते अजून माणूस तपासून घेतात, आणि आपली पोरं तिथंच अडकतात.

पुरावा म्हणजे काय

ट्रक नको, तुम्ही पाहिजे. कन्सोलमागं तुमचा चेहरा, समोर माणसं आणि जमलं तर मागं हॉलचं नाव दिसेल असा फोटो. कार्यक्रमाच्या फ्लायरवर तुमचं डीजे नाव आणि तारीख हवी. सगळ्यात वजन पडतं ते जागेच्या पत्राला. आम्ही त्या पोराला राजारामपुरीतल्या एका हॉटेलच्या मॅनेजरकडं नेलं, तिथं तो दर शनिवारी वाजवतो. लेटरहेडवर चार ओळी इंग्रजीत लिहून घेतल्या: कधीपासून वाजवतो, आठवड्यातून किती वेळा, कसली गाणी, मॅनेजरची सही आणि फोन. पाच मिनिटांचं काम. ते नव्हतं म्हणून तीन अर्ज वाया गेले.

दुसरी भानगड नावाची. अर्जात डीजे नाव एक, इन्स्टावर त्याच नावाला तीन अंडरस्कोअर, आधारवर तिसरंच आणि पैसे वडिलांच्या कार्डावरून. बघणाऱ्याला हा माणूस एक की चार, कळायचं कसं? डीजे नाव सगळीकडं एकसारखं लिहा, खरं नाव ओळखपत्रावर आहे तसंच्या तसं टाका आणि कार्ड शक्यतो स्वतःचं वापरा. इन्स्टा प्रायव्हेट असेल तर अर्ज मंजूर होईपर्यंत उघडं ठेवा, नाहीतर दिलेली लिंक बिनकामाची. आणि ईमेलमधला 'किंग' नाहीतर 'डॉन' काढा की राव.

आत गेल्यावर

थेट प्रोमो पाठवणाऱ्या बऱ्याच सेवांमध्ये आधी गाणं ऐकून अभिप्राय द्यायचा, मग डाउनलोड उघडतं. पोरं सगळ्याला 'सुपर ट्रॅक' चिकटवतात आणि पुढं सरकतात. लेबलवाला ते रोज बघतो. त्यापेक्षा 'शनिवारी अकराला लावलं, ड्रॉप (बीटचा दणका) आल्यावर फ्लोअर भरला' असं एक खरं वाक्य टाका. नाही आवडलं तर तेही लिहा, त्यानं कुणी हाकलत नाही.

हाकलतात ते फाईल फोडल्यावर. पेनड्राइव्हवरून मंडळाच्या ऑपरेटरला, त्याच्याकडून टेलिग्राम ग्रुपवर, तिथून गावभर, हा आपल्याकडचा नेहमीचा रस्ता. काही प्रोमोंच्या फाईलमध्ये घेणाऱ्याची खूण दडवलेली असते. गाणं कुणाकडून फुटलं ते लेबलला त्यावरून कळतं. मित्रामित्रांत एकच अकाउंट वाटून घेणं हाही तसलाच प्रकार. एक लॉगिन उद्यमनगरातून, त्याच वेळी दुसरं पुण्यातून झालं की अकाउंट लॉक व्हायला वेळ लागत नाही.

पूलचं सदस्यत्व म्हणजे वाजवायचा परवाना नव्हे

या चुकीचं मला सगळ्यात जास्त भ्या वाटतं, कारण इथं नुसतं अकाउंट जात नाही. पूल तुम्हाला फाईल देतो. ती लोकांसमोर वाजवायचा हक्क वेगळा, आणि तो आपल्या देशात वेगळ्यांकडून घ्यावा लागतो. हे परवाने देणाऱ्या संस्था वेगवेगळ्या: ध्वनिमुद्रणाचा पीपीएल देतं, शब्द आणि चालीचा आयपीआरएस, काही लेबलांचे हक्क नोव्हेक्स या कंपनीकडं आहेत. परवाना सहसा हॉटेल नाहीतर आयोजक काढतो, पण काढलाय का ते सुपारी घेतानाच विचारा आणि प्रत मोबाईलमध्ये ठेवा. कॉपीराइट कायदा 1957 चा, त्याच्या कलम 52 मध्ये धार्मिक समारंभ, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सोहळे यांना सूट आहे. म्हणून वराती करणाऱ्यांना वाटतं, सगळंच माफ. थर्टीफर्स्टची तिकीट लावलेली पार्टी त्यात बसत नाही. जाणूनबुजून हक्कभंग केला तर कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे.

डॉल्बीच्या आवाजाचे नियम हा आणखी वेगळा विषय, त्यात इथं शिरत नाही.

मंजूर झालं, पण पैसे जाईनात

पत्र जोडल्यावर त्या पोराचा चौथा अर्ज पास झाला. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "दादा, परत रिजेक्ट केलं." बघितलं तर अर्ज मंजूर होता, कार्ड नाकारलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपण चालू करायचे. दर महिन्याला आपोआप पैसे जाण्याचा मामलाही इथं अडतो, कारण त्याला आधी तुमची ओटीपीनं मंजुरी लागते. ती सोय नसेल तर पहिला महिना नीट जातो आणि दुसऱ्या महिन्यात अकाउंट बंद पडतं. अशा वेळी तारीख लिहून ठेवून हातानं पैसे भरा.

कार्ड चालू केलं, पैसे गेले, पोरगं माझ्यासमोरच आत शिरलं. शोधायच्या चौकटीत पहिला शब्द टाकला, 'हलगी'. निकाल शून्य. माझ्याकडं बघायला लागलं. म्हटलं, भावा, ते इथं मिळत नसतंय, ते आपलं आपणच रेकॉर्ड करायचं.