घाटातल्या गाडीसाठी ब्रेक पॅड आणि डिस्क

आमच्या चिपळुणात कुंभार्ली घाट उतरून आलेल्या गाड्या बऱ्याच येतात. मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "पॅड केवढ्याला?" किंमत मी शेवटी सांगतो. आधी चाक काढायचं नि माप घ्यायचं.

नव्या पॅडवर घासणारा माल साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ वर आला की बदला. मागचा लोखंडी पत्रा त्यात धरू नका. एका चाकाच्या दोन पॅडांतला आतला पॅड खलास आणि बाहेरचा जाडजूड असेल, तर बहुधा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, पिनांवर अडकतोय. पिना साफ करून योग्य ग्रीस लावा, नाहीतर नवे पॅडही तसेच जातील.

डिस्कवर, बहुधा कडेला किंवा मधल्या फुगीर टोपीवर, 'मिन टीएच' म्हणून किमान जाडी कोरलेली असते. वर्निअरने, म्हणजे जाडी मोजायच्या जबड्यांच्या पट्टीने, मोजताना फसायला होतं. झिजलेल्या डिस्कच्या कडेला उंच काठ राहतो, जबडे त्यावर टेकले की माप जास्त येतं. पॅड घासतो तिथलंच माप घ्या, तेही चार-पाच जागी. समजा किमान २० आहे आणि तुमचं माप २०.४ आलं. कागदावर डिस्क पास, पण नवे पॅड संपेपर्यंत ती टिकणार नाही. अशी डिस्क लेथवर घासून आणायची तर नावच काढू नका. पातळ डिस्क घाटात लवकर तापते.

ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं की "डिस्क वाकली" म्हणतात. बऱ्याचदा जाडी कमी-जास्त झालेली असते, किंवा हबवरच्या, म्हणजे डिस्क जिच्यावर बसते त्या बैठकीवरच्या, गंजावर डिस्क तिरकी बसलेली असते. कोकणातल्या हवेत गंजाला तोटा नाही. डिस्क नवी असली तरी आधी हब वायर ब्रशने घासा, आणि डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा.

आता पॅडचा माल. ऑरगॅनिक शांत आणि डिस्कला मऊ, पण फार तापला की पकड सोडतो. सेमी-मेटॅलिक उष्णता झेलतो. आवाज करतो, धूळ टाकतो, डिस्कही जास्त खातो. सिरॅमिक शांत, धूळ कमी, खिशाला जड. शहरात फिरणाऱ्या गाडीला कंपनीचेच पॅड पुरेत. माणसं-सामान भरून सारखा घाट करणाऱ्याला मी चांगला सेमी-मेटॅलिक देतो. काही पॅडवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात: पहिलं थंड पकडीचं, दुसरं गरम पकडीचं. ई पेक्षा एफ जास्त, एफ पेक्षा जी. 'एफई' दिसलं तर घाटासाठी घेऊ नका, तापल्यावर पकड घसरते. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला झकास, रोजच्या गाडीला गरज नाही.

दुकानात मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, चॅसिस नंबर द्या. एकाच मॉडेलात वेगवेगळ्या मापाच्या डिस्क येतात. पॅड-डिस्क डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला. सीलबंद खोका आणि पक्कं बिल घ्या. ब्रेक ऑइलचा ग्रेड त्याच्याच टाकीच्या झाकणावर असतो, तोच घाला. नवे पॅड बसवायला कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलताना ही टाकी ओसंडते, तिकडे लक्ष ठेवा.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. मग मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत हलक्या ब्रेकने आठ-दहा वेळा आणा, पूर्ण थांबू नका, मधे थंड होऊ द्या. त्याच दिवशी घाट नको.