कर्नलमधली स्ट्रिंग कॉपी: ‘सोलापूर’ किती बाइटचं?

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सी भाषेत आहे, आणि तिथे स्ट्रिंग म्हणजे मजकुराचे बाइट, संपल्याची खूण म्हणून शेवटी एक शून्य बाइट. रोमन लिपीत सोलापूर म्हणजे सात अक्षरं आणि शेवटचा शून्य बाइट, एकूण 8. तेच देवनागरीत, यूटीएफ-8 या बाइट-पद्धतीत, 7 कोडपॉइंट (अक्षर किंवा मात्रेचे युनिकोड क्रमांक) गुणिले 3 अधिक 1, म्हणजे 22. रोमन नाव धरून बफर, म्हणजे नाव ठेवायची जागा, 20 बाइटचा ठेवला तर ड्रायव्हर इथेच फसतो.

स्ट्रिंग कॉपी करणारी फंक्शनं अनेक आहेत. स्ट्रकॉपी बफरचा आकार बघतच नाही. 22 बाइट लिहून शेजारच्या मेमरीवर दोन बाइट चढवते. स्ट्रएनकॉपी 20 वर थांबते, पण शेवटी शून्य लावत नाही, त्यामुळे पुढचा वाचणारा बफरबाहेर भटकतो. आणि नाव छोटं असेल तर उरलेली जागा उगाच शून्यांनी भरते. स्ट्रएलकॉपी शून्य लावते, पण लांबी सांगण्यासाठी मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचते. मुळातच शून्य नसेल तर तीही भरकटते. लिनक्सने ती 6.8 मध्ये काढूनच टाकली.

म्हणून स्ट्रएसकॉपी वापरा. ती 2015 पासून, 4.3 आवृत्तीपासून आहे. शून्याशिवाय किती बाइट उतरले तो आकडा देते. मावलं नाही तर उणे ई-टू-बिग हा एरर कोड, म्हणजे उणे 7. हा आकडा चिन्हासह साठवणाऱ्या एस-साइझ-टी प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये घ्या आणि शून्यापेक्षा कमी आहे का ते तपासा. न तपासता तो थेट ऑफसेटमध्ये, म्हणजे पुढे कुठे लिहायचं त्या आकड्यात, मिळवला, तर लिहिण्याची जागा 7 बाइट मागे सरकते. जुन्या स्ट्रएलकॉपीच्या जागी नुसतं नाव बदलणाऱ्यांची हीच चूक होते.

बफरचा आकार देताना साइझऑफ (आकार मोजणारा सीचा ऑपरेटर) फक्त खऱ्या अ‍ॅरेवर लावा. फंक्शनला अ‍ॅरे दिला की तो पॉइंटर, म्हणजे नुसता मेमरीतला पत्ता, होतो, आणि 64-बिट मशीनवर उत्तर येतं 8.

बफर असलेली रचना (स्ट्रक्ट) युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामला, जाणार असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरणारी स्ट्रएसकॉपी-पॅड घ्या, नाहीतर शून्यानंतरच्या जागेतून कर्नलचा जुना डेटा बाहेर जातो. ‘एसयूआर’ हा सोलापूर स्टेशनचा कोड नेमक्या 3 बाइटच्या फील्डमध्ये ठेवायचा असेल, तर शेवटच्या शून्याला जागा नाही, म्हणजे ती स्ट्रिंगच नाही: तिथे शून्य न लावता कॉपी करणारी स्ट्र-टू-मेम-पॅड, आणि फील्डवर ‘ही स्ट्रिंग नाही’ असं कंपायलरला सांगणारी नॉनस्ट्रिंगची खूण.

एक गोष्ट मात्र स्ट्रएसकॉपीही सांभाळत नाही. 20 च्या बफरात 19 बाइट उतरतात: ‘सोलापू’ पूर्ण, आणि ‘र’चा फक्त पहिला बाइट. देवनागरी नावं येणार असतील तर उणे 7 आल्यावर तुटकं नाव ठेवू नका, सरळ एरर परत करा.