‘कशी आहे?’ म्हणजे नक्की काय? स्पॅनिशमध्ये माणसाचं वर्णन करताना या चुका टाळा

स्पॅनिशच्या नवशिक्यांना मी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारते: ‘कोमो एस तू एर्माना?’ तुझी बहीण कशी आहे? आणि उत्तर हमखास येतं: ‘मुय ब्येन, ग्रास्यास.’ मजेत आहे, धन्यवाद. उच्चार नीट, शब्द नीट, पण उत्तर भलत्याच प्रश्नाचं. मला तब्येत विचारायची असती, तर मी ‘कोमो एस्ता’ म्हटलं असतं. ‘कोमो एस’ म्हणजे ती दिसायला कशी, स्वभावाने कशी: उंच की बुटकी, बोलकी की अबोल.

मराठीत दोन्हींना एकच ‘कशी आहे’ चालतं. कुठला अर्थ घ्यायचा ते आपण संदर्भावरून ओळखतो आणि दोन वेगळे प्रश्न आहेत हे लक्षातही येत नाही. वर्णनाचे शंभर शब्द पाठ करूनही वाक्य का फसतं, याचं मूळ बरेचदा इथे सापडतं. शब्द माहीत असतो, पण त्याच्या जोडीला कुठलं क्रियापद येतं ते माहीत नसतं.

(पुढे स्पॅनिश शब्द देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. त्यातला ‘ख’ घशातून काढायचा, ‘ह’च्या जवळ जाणारा.)

‘कायमचं’ आणि ‘तात्पुरतं’ हा नियम सोडा

‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, सेर (‘एस’ हे त्याचंच रूप) आणि एस्तार (त्याचं रूप ‘एस्ता’). बहुतेकांना शिकवलं जातं की कायमची गोष्ट असेल तर सेर, तात्पुरती असेल तर एस्तार. हा नियम पहिल्या आठवड्यात बरा वाटतो आणि नंतर दगा देतो. ‘तो मेला आहे’ हे स्पॅनिशमध्ये ‘एस्ता म्वेर्तो’ असतं. मरणाहून कायमचं काय असणार? उलट तारुण्य कुणाचं टिकत नाही, तरी ‘ती तरुण आहे’ हे ‘एस खोबेन’, म्हणजे सेरच.

मला सांगावंसं वाटतं ते असं: सेरने माणसाची ओळख सांगायची, एस्तारने त्याची अवस्था. आणि मराठी माणसाच्या हाताशी यासाठी एक चांगली खूण आहे. मनातल्या मराठी शब्दाला शेवटी ‘-लेला, -लेली’ असेल, तर बहुतेक वेळा एस्तार लागतं. थकलेला, रागावलेला, बसलेला, मेलेला: सगळे एस्तारचे. आता ‘आबुर्रीदो’ हा शब्द बघा. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे. ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळलेला आहे. स्पॅनिशमध्ये विशेषण तेच राहतं आणि क्रियापद बदलतं, मराठीत क्रियापद तेच राहतं आणि विशेषण बदलतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या जोड्या आपोआप उलगडतात. ‘एस लिस्ता’ म्हणजे ती हुशार आहे, ‘एस्ता लिस्ता’ म्हणजे ती तयार आहे, आवरून बसलेली. ‘एस ओर्गुयोसो’ म्हणजे गर्विष्ठ, तर ‘एस्ता ओर्गुयोसो’ म्हणजे त्याला कशाचा तरी अभिमान वाटतो आहे. एखाद्या बापाला मुलीबद्दल अभिमान वाटतो हे सांगताना चुकून सेर वापरलं, तर तुम्ही त्याला घमेंडखोर ठरवता.

‘ग्वापा’ म्हणजे देखणी. ‘एस ग्वापा’ म्हणजे ती देखणी आहे, ‘एस्ता ग्वापा’ म्हणजे आज छान दिसते आहे. आपणही ‘आहे’ आणि ‘दिसतेय’ असा फरक करतोच की.

एक धोक्याची जागा मात्र वेगळी सांगते. एखादी व्यक्ती स्वभावाने चांगली आहे हे सांगायला ‘एस्ता ब्वेना’ किंवा ‘एस्ता ब्वेनो’ म्हणू नका. बोलीत त्याचा अर्थ शरीराच्या आकर्षणाकडे जातो आणि ऐकणारा अवघडतो. ‘एस ब्वेना पेर्सोना’ म्हणा, म्हणजे ‘चांगली व्यक्ती आहे’.

केस, डोळे, वय: इथे ‘आहे’ चालतच नाही

‘तिचे केस लांब आहेत’ हे मराठीतून थेट उचललं की ‘एस पेलो लार्गो’ असं काहीतरी तयार होतं. ऐकणाऱ्याला वाटतं ती स्वतःच लांब केस आहे. अवयवांसाठी तेनेर लागतं, म्हणजे ‘जवळ असणं’: ‘त्येने एल पेलो लार्गो’. डोळेही तसेच, ‘त्येने लोस ओखोस बेर्देस’, तिचे डोळे हिरवे आहेत.

या वाक्यात आणखी एक खाच आहे. मराठीत डोक्यावरचे केस नेहमी अनेकवचनी, स्पॅनिशमध्ये ते एकवचनी, ‘एल पेलो’. ‘लोस पेलोस’ म्हटलं की सुटे सुटे केस डोळ्यांसमोर येतात, कपड्यावर पडलेले असावेत तसे. वर्षानुवर्षं स्पॅनिश बोलणारे मराठी लोकही इथे घसरताना मी ऐकले आहेत.

दाढी, मिशी, चष्मा यांना बरेचदा येबार हे क्रियापद येतं. मराठीत आपण दाढी ‘ठेवतो’, चष्मा ‘लावतो’. जिथे ठेवणं, लावणं, घालणं येतं तिथे येबार बसतं. ‘येबा बार्बा’, तो दाढी ठेवतो. ‘येबा गाफास’, ती चष्मा लावते.

वयही तेनेरनेच सांगतात: ‘त्येने बेइन्ते आन्योस’, वीस वर्षांची आहे. यातला ‘न्य’ ढिला सोडू नका. स्पॅनिश वर्णमालेत २७ अक्षरं आहेत आणि डोक्यावर लाटेसारखी रेघ असलेला ‘न्य’ हे त्यातलं स्वतंत्र अक्षर आहे. रेघ विसरून ‘आनोस’ लिहिलं किंवा म्हटलं, तर वर्षांऐवजी शरीराच्या अशा भागाचा उल्लेख होतो जो आपण चारचौघांत करत नाही.

विशेषण कुठे बदलायचं

लिंगाप्रमाणे विशेषण बदलणं मराठी माणसाला नवं नाही. चांगला मुलगा, चांगली मुलगी, ‘ब्वेनो’, ‘ब्वेना’. अडचण येते ती मराठीत न बदलणाऱ्या विशेषणांची. सुंदर, हुशार, कष्टाळू, प्रेमळ यांना आपण कधी हात लावत नाही. ‘हुशार मुलगी, हुशार मुली’ म्हणायची सवय जिभेला इतकी असते की ‘चीकास इन्तेलिखेन्ते’ सहज निघून जातं. ते ‘इन्तेलिखेन्तेस’ हवं. स्पॅनिशमध्ये लिंगाने न बदलणारं विशेषणही वचनाने बदलतं. तसंच ‘त्राबाखादोर’, कष्टाळू. शेवटी र् आहे म्हणून ते स्त्रीसाठीही तसंच राहील असं वाटतं, पण ते ‘त्राबाखादोरा’ होतं. बोलकी असेल तर ‘आब्लादोरा’. याउलट ‘ओप्तिमिस्ता’ (आशावादी), ‘एगोइस्ता’ (स्वार्थी) या शब्दांच्या शेवटी ‘आ’ ऐकू येतो म्हणून पुरुषासाठी ‘ओप्तिमिस्तो’ करू नका, असा शब्दच नाही.

आता आपल्याकडची एक चूक, जी इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणाऱ्या पुस्तकात सहसा सापडणार नाही: आदरार्थी बहुवचन. ‘आजोबा उंच आहेत’ म्हणताना आपण आजोबांना अनेकवचनी करतो आणि तोच मान स्पॅनिशमध्ये द्यायला जातो, ‘मि आब्वेलो सोन आल्तोस’ (‘सोन’ हे ‘एस’चं अनेकवचन). ऐकणारा दुसरे आजोबा शोधू लागतो. स्पॅनिशमध्ये आदर ‘उस्तेद’ या सर्वनामातून येतो आणि तेही एकवचनीच चालतं: ‘उस्तेद एस मुय आमाब्ले’, आपण फार सौजन्यशील आहात.

मुलं-मुली एकत्र असतील तर मराठीत ‘ती पोरं चांगली आहेत’ असं नपुंसकलिंगी अनेकवचन येतं. ते ‘चांगली’ कानाला स्त्रीलिंगी वाटतं, म्हणून काही जण ‘सिम्पातिकास’ (लाघवी) म्हणून मोकळे होतात. मिश्र गटाला स्पॅनिश पुल्लिंगी अनेकवचन वापरतं, ‘सिम्पातिकोस’. एका बाबतीत मात्र मराठी अगदी मदतीला येते. ‘व्यक्ती’ हा शब्द पुरुषाबद्दल असला तरी आपण ‘ती व्यक्ती चांगली आहे’ म्हणतो. ‘पेर्सोना’ही तसाच, नेहमी स्त्रीलिंगी.

विशेषण सहसा नामाच्या मागून येतं: ‘उना चीका आल्ता’, उंच मुलगी. सवयीने आधी लावलं तर कधी नुसतं विचित्र वाटतं, कधी अर्थच पालटतो. ‘पोब्रे ओम्ब्रे’ म्हणजे बिचारा माणूस, ‘ओम्ब्रे पोब्रे’ म्हणजे गरीब माणूस. ‘ब्येखो आमीगो’ हा जुना मित्र, ‘आमीगो ब्येखो’ हा म्हातारा मित्र. ‘ग्रान ओम्ब्रे’ थोर माणूस, ‘ओम्ब्रे ग्रान्दे’ धिप्पाड.

आणि ‘खूप’. खूप उंच, खूप केस, दोन्हीकडे आपला एकच शब्द. स्पॅनिशमध्ये विशेषणाआधी मुय, नामाआधी मूचो: ‘मुय आल्तो’, ‘मूचो पेलो’.

इंग्रजीचा आधार घेऊ नका

आपण स्पॅनिश बरेचदा इंग्रजीच्या खांद्यावरून शिकतो आणि ओळखीचा चेहरा दिसला की विश्वास टाकतो. स्वभावाच्या शब्दांत हे सगळ्यात जास्त नडतं. ‘सेन्सिब्ले’ म्हणजे समंजस नव्हे, हळवा. समंजस म्हणजे ‘सेन्सातो’. ‘एदुकादो’ म्हणजे शिकलेला नव्हे, सभ्य, चांगल्या वळणाचा. एखाद्याला ‘माल एदुकादो’ म्हटलं तर तुम्ही त्याचं शिक्षण नाही, वळण काढलं. ‘ग्रास्योसो’ माणूस डौलदार नसतो, तो हसवणारा असतो. ‘सिम्पातिको’ म्हणजे सहानुभूती दाखवणारा नव्हे, तर लाघवी, ज्याच्याशी चटकन जमतं असा. कुणाला ‘माल खेन्यो’ आहे असं ऐकलं तर बुद्धिमत्तेचा संबंध नाही, तो माणूस तापट आहे.

‘एम्बारासादा’बद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं, तरी ऐन वेळी तोच शब्द तोंडात येतो. ‘मला लाज वाटते’ म्हणायला गेलेली बाई ‘मी गरोदर आहे’ असं सांगून बसते. लाजेसाठी ‘मे दा बेर्ग्वेन्सा’ हे अख्खं वाक्यच पाठ करा.

शंका आली तर इंग्रजी अर्थ न बघता शब्द स्पॅनिश कोशात बघायची सवय लावा. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीचा कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो. सुरुवातीला अर्धंच कळेल, तरी बघा.

कानाला सारखे वाटणारे

‘काबेयो’ म्हणजे केस, ‘काबायो’ म्हणजे घोडा. ‘एस्तोय कान्सादो’ म्हणजे मी थकलो आहे. त्यातला न् गिळला तर ‘एस्तोय कासादो’, माझं लग्न झालेलं आहे. ‘बाखो’ म्हणजे बुटका; त्याऐवजी ‘कोर्तो’ म्हटलं तर ‘मंद डोक्याचा’ असा अर्थ निघू शकतो. केस आखूड असतील तर मात्र ‘पेलो कोर्तो’ बरोबर.

उच्चाराचं एक मोठं सुख मराठी माणसाकडे आहे. स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ दाताला जीभ लावूनच येतात. ‘आल्टो’, ‘डेल्गाडो’ असा इंग्रजी वळणाचा उच्चार करून ते सुख घालवू नका. ‘आल्तो’, ‘देल्गादो’ (सडपातळ) म्हणा. आणि ‘फेलीस’, म्हणजे आनंदी, हा शब्द शेवटचं z बघून ‘फेलीझ’ करू नका.

दुखावणारे शब्द आणि प्रदेश

‘गोर्दो’ जाडा, ‘फेओ’ कुरूप, ‘ब्येखो’ म्हातारा. हे शब्द लवकर शिकवले जातात, पण माणसाबद्दल ते सरळ वापरायला जपून. ‘ब्येखो’ऐवजी ‘मायोर’ म्हणा, वयस्कर. ‘गोर्दो’ला ‘-ईतो’ लावून ‘गोर्दीतो’ केला की धार कमी होते. लॅटिन अमेरिकेत घरची माणसं एकमेकांना लाडाने ‘गोर्दो’, ‘फ्लाका’ (रोडकी) म्हणताना ऐकाल, म्हणून परक्याने म्हणावं असं नाही.

प्रदेशाप्रमाणे शब्द फिरतात. सोनेरी केसांचा माणूस सगळीकडे ‘रूब्यो’ म्हणून कळतो, पण मेक्सिकोत त्याला ‘ग्वेरो’ म्हणतात आणि कोलंबियात ‘मोनो’. स्पेनमध्ये ‘मोनो’ म्हणजे गोंडस. कुरळे केस ‘रिसादो’, मेक्सिकोत ‘चीनो’. स्पेनमधला ‘गाफास’ चष्मा लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘लेन्तेस’ असतो. सुरुवातीला सर्वत्र कळणारा एकच शब्द धरा.

एक वही, एक माणूस

शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा मी एकच काम देते: घरातल्या एका माणसाचं वर्णन लिहा. एका विद्यार्थ्याने पहिल्यांदा असं लिहिलं होतं:

‘मि आब्वेलो सोन आल्तोस. सोन सेतेन्ता आन्योस. त्येनेन लोस पेलोस ब्लान्कोस. सोन मूचो सिम्पातिकोस.’

प्रत्येक वाक्यात मागे मराठी उभी आहे: आजोबांचा मान, वयाचं ‘आहेत’, अनेकवचनी केस, एकच ‘खूप’. वर सांगितलेल्या खुणा लावून त्याने स्वतःच दुसऱ्यांदा लिहिलं, आणि शेवटी आपण होऊन एक एस्तार घातलं:

‘मि आब्वेलो एस आल्तो. त्येने सेतेन्ता आन्योस. त्येने एल पेलो ब्लान्को इ येबा गाफास. एस मुय सिम्पातिको, पेरो ओय एस्ता कान्सादो.’

माझे आजोबा उंच आहेत. सत्तर वर्षांचे आहेत. केस पांढरे आहेत आणि ते चष्मा लावतात. फार लाघवी आहेत, पण आज थकलेले आहेत.