रब्बी पालेभाज्यांची पेरणी करण्यापूर्वी माती व पानांची तपासणी : मुंबई परिसरासाठी सल्ला

पावसाने माघार घेतल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात जमिनीला वाफसा येतो आणि गोराई, उत्तन, वसईच्या वाड्यांत तसेच रेल्वे रुळांलगतच्या वाफ्यांत पालक, माठ, मुळा, मेथीच्या पेरणीची लगबग सुरू होते. मातीचा नमुना शेणखत वा रासायनिक खत घालण्यापूर्वी, याच दिवसांत घ्यावा. प्रयोगशाळेतील यंत्र कितीही महागडे असले, तरी ते आपण पिशवीत भरून दिलेल्या मातीविषयीच सांगते, म्हणून नमुना घेण्यात हयगय करू नये.

वाफ्यात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीने खरवडावी, एकत्र मिसळावी आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो शिल्लक ठेवावी. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची माती नको. जस्ताचा मुलामा दिलेली बादली वा पितळी चाळणी वापरल्यास भांड्यातले जस्त आणि तांबे मातीत उतरते. प्लास्टिकचे घमेले बरे. खताच्या रिकाम्या गोणीतही नमुना भरू नये.

शहरालगतच्या जमिनीत शिसे आणि कॅडमियम तपासून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, परंतु मातीत बसलेले शिसे सहसा जागचे हलत नाही. हे धातू आण्विक शोषण वर्णपटमापीवर मोजतात: ज्या धातूचा शोध घ्यायचा त्याच धातूचा दिवा लावतात, आणि नमुन्यातील अणूंनी त्या दिव्याचा किती प्रकाश शोषला यावरून प्रमाण काढतात. कॅडमियमसाठी ही तरंगलांबी २२८.८ नॅनोमीटर असते. पानांतील कॅडमियम इतके अल्प असते की नमुना साध्या ज्योतीत तापवून मोजल्यास ते निसटू शकते. त्यामुळे ग्राफाइट भट्टी किंवा आयसीपी-एमएस या, अत्यल्प प्रमाणही मोजणाऱ्या यंत्रावर तपासणी करण्याची मागणी करावी. शिशापेक्षा कॅडमियम पानांत सहज चढते, आणि आम्ल किंवा खाऱ्या जमिनीत अधिकच. खाडीकाठच्या बागायतदारांनी म्हणूनच सामू (आम्लता दाखवणारा पीएच) आणि क्षारता यांचे आकडेही सोबत घ्यावेत.

पानांचे दोन नमुने द्यावेत, एक धुतलेला आणि एक न धुतलेला. धुतल्यावर शिसे बरेच कमी झाले, तर ते रस्त्याच्या धुळीतून आलेले असते आणि काढणीनंतर स्वच्छ पाण्याने धुणे उपयोगी पडते. फरक पडला नाही, तर ते मुळांवाटे आलेले असण्याची शक्यता अधिक असते, आणि तेथे पालेभाजीऐवजी फुलझाडे घेणे योग्य.

कीटकनाशकांच्या अवशेषांची रीत वेगळी आहे. येथे नमुना धुवू नये, पाणी शिंपडू नये. बाजारात जाते तशीच एक किलो जुडी स्वच्छ पिशवीत घालून, थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. सायपरमेथ्रिनसारखी उष्णतेने वायुरूप होणारी औषधे गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातील घटक वायूच्या प्रवाहात वेगळे करण्याची पद्धत), तर कार्बेन्डाझिम, इमिडाक्लोप्रिडसारखी द्रव क्रोमॅटोग्राफीने वेगळी करून वस्तुमान वर्णपटमापीने, म्हणजे रेणूंच्या वजनावरून, ओळखतात. एका चाचणीत शेकडो औषधे पाहिली जात असली, तरी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक त्या यादीत सापडत नाही. त्यापासून कार्बन डायसल्फाइड मुक्त करून तो वायू वेगळा मोजावा लागतो. ग्लायफोसेट या तणनाशकालाही स्वतंत्र पद्धत लागते. फवारणीची वही प्रयोगशाळेला दाखवली नाही, तर अहवाल निर्दोष येऊनही पानांवर औषध राहिलेले असू शकते.

अहवालात ‘आढळले नाही’ असे असेल, तर कोणत्या मर्यादेपर्यंत मोजले ते वाचावे. ज्या पिकासाठी एखाद्या औषधाच्या अवशेषाची मर्यादा ठरवलेली नाही, तेथे भारतात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. यंत्राची मोजणी त्याहून वर थांबत असेल, तर तो अहवाल पुरेसा नाही. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का, आणि ती नेमक्या याच चाचणीसाठी आहे का, हेही पाहावे.

समुद्रकाठच्या वाळूत पेरलेली बारीक मेथी काही दिवसांतच मुळासकट उपटली जाते, त्यामुळे लेबलवरील प्रतीक्षा काळ (फवारणी आणि काढणी यांमध्ये सोडायचे दिवस) पाळायला तिथे वेळच उरत नाही. त्या मेथीवर रासायनिक फवारणी करूच नये.