डॉटफाइल्स गिटमध्ये कशा ठेवाव्यात?

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या लॅपटॉपची एसएसडी गेली. कामाचा कोड सर्व्हरवर होता, फोटोंचा बॅकअप होता. गेली ती ‘.व्हिमआरसी’, म्हणजे व्हिम या टेक्स्ट एडिटरच्या सेटिंग्जची फाइल, सहा वर्षं एकेक ओळ करून जमवलेली. पुढे कितीतरी दिवस बोटं सवयीने जुन्याच कळा दाबायची आणि काहीच व्हायचं नाही. ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून अशा फाइली गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठेवा. सगळं उरकायला अर्धा तास पुरतो.

बॅश (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा शेल), व्हिम, टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या देणारा प्रोग्राम) यांच्या सेटिंग्ज होम फोल्डरमधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलींत असतात, त्याच डॉटफाइल्स. नुसत्या ‘एलएस’ला त्या दिसत नाहीत, ‘एलएस -ए’ द्यावं लागतं. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप रोमनमध्येच करा.) सुरुवात दोन-तीन फाइलींनी करा. अख्खं ‘.कॉन्फिग’ उचलून गिटमध्ये टाकू नका, त्यात कॅशे आणि लॉगिनचे टोकनही असू शकतात.

होममध्ये ‘डॉटफाइल्स’ नावाचं फोल्डर करा, त्यात ‘बॅश’ आणि ‘व्हिम’ ही दोन फोल्डर. ‘.बॅशआरसी’ त्यातल्या ‘बॅश’मध्ये हलवा, ‘.व्हिमआरसी’ ‘व्हिम’मध्ये. आता ‘ग्नू स्टो’ इन्स्टॉल करा आणि ‘डॉटफाइल्स’मध्ये जाऊन ‘स्टो बॅश व्हिम’ म्हणा. फाइल होती त्या जागी स्टो एक सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलीकडे नेणारा दुवा, ठेवतं. ‘एलएस -एल’ केलं की ‘.बॅशआरसी’पुढे बाण आणि फाइलचा खरा पत्ता दिसतो. चालू टर्मिनल बंद न करता दुसरं उघडून बघा. नीट उघडलं, तर ‘गिट इनिट’ने रिपॉझिटरी, म्हणजे गिटचा नोंदींचा साठा, सुरू करा, मग ‘गिट अ‍ॅड’, ‘गिट कमिट’ने बदलांची नोंद करा.

कमिटचा संदेश मन लावून लिहा. उबुंटूच्या मूळ ‘.बॅशआरसी’त ‘हिस्टसाइज’ (हिस्टरीत किती जुन्या कमांड ठेवायच्या तो आकडा) १००० असतं. मी ते २०००० केलं आणि संदेश लिहिला: ‘एफएफएमपेगची जुनी कमांड हिस्टरीत सापडली नाही म्हणून’. काय बदललं ते ‘गिट डिफ’ दाखवतंच. का बदललं, हे वर्षभराने आपल्यालाही आठवत नाही.

पासवर्ड, एपीआय की (प्रोग्रामला एखादी सेवा वापरू देणारा गुप्त कोड), ‘.एसएसएच’मधल्या खासगी किल्ल्या यांतलं काहीही रिपॉझिटरीत जाता कामा नये, ती प्रायव्हेट असली तरीही. अशा ओळी ‘.बॅशआरसी.लोकल’ या वेगळ्या फाइलीत ठेवा. ती होममध्येच राहू द्या, आणि ‘ती फाइल असेल तर वाच’ अशी एक ओळ मुख्य ‘.बॅशआरसी’त घाला. चुकून एखादी की पुश झालीच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर गेलीच, तर पुढच्या कमिटमध्ये ती पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. आधी ती की रद्द करा, नवी घ्या, हिस्टरी साफ करणं त्यानंतर.

रिपॉझिटरी त्याच डिस्कवर राहिली तर डिस्कबरोबर तीही जाईल. म्हणून गिटहब, गिटलॅब किंवा स्वतःचा सर्व्हर, कुठेतरी पुश कराच.

नव्या मशीनवर ‘गिट क्लोन’ करा, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत उतरवून घ्या, मग ‘स्टो बॅश व्हिम’. तिथे आधीच एक ‘.बॅशआरसी’ असेल तर स्टो अडून बसतं, आणि ते बरोबरच आहे. त्या फाइलीचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि पुन्हा चालवा. स्टोमध्ये ‘--अडॉप्ट’ असाही पर्याय आहे, पण त्याने त्या मशीनची फाइल तुमच्या रिपॉझिटरीतल्या फाइलीची जागा घेते. तो वापरायचाच असेल तर आधी सगळं कमिट करा, आणि नंतर लगेच ‘गिट डिफ’ बघा.